बिक्कुरीचं पाणी

प्रिय मिनोरी,

तुझ्याकडे जपानी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी 'बिक्कुरी' या शब्दाचा अर्थ उदाहरणांसकट लिहून मागितलास. शब्दकोश बघ म्हटलं असतं, पण सातवीत शाळा सोडलेल्या सोबा-शेवयावाल्याला शिक्षिका झालेली मुलगी शब्द विचारते, हा तोरा सोडवेना. तू छोट्या इत्सुकीला घेऊन इथून गेल्यापासून त्याची काळजी मनातून जात नाही. तेही लिहितो, आधी शब्द.

आश्चर्य मनाला वाटतं, बिक्कुरी अंगाला होते. मनाला कळेपर्यंत खांदे वर गेलेले असतात. सोबाच्या शेवया उतू जायला लागल्या की मी पातेल्यात गार पाण्याचा पेला ओततो, ते बिक्कुरीचं पाणी. पेला म्हणजे एकच, सव्वा नाही. फेस दचकून खाली बसतो. मोठ्या शेगडीवर त्याची गरज नाही म्हणतात, म्हणोत. मला कुणी शिकवलं नाही, मी अकरा पातेली उतू घालवून शिकलोय.

दुसरं उदाहरण तुझ्यासमोरच घडलं. त्या रविवारी दुपारी तुझ्या आईच्या हातून लोखंडी झाकण फरशीवर पडलं. "अगंबाई, बिक्कुरी!" ती किंचाळली. रोज जेवायला येणाऱ्या हिगुचीकाकांनी रस्सा शर्टावर सांडला आणि ओरडले, "मालक, गिऱ्हाईक मारायचा विचार आहे का?" आतल्या चटईवर इत्सुकी आपल्याकडे पाठ करून कापडी सशाशी खेळत होता. त्याची मान वळली नाही. "नातू बुद्ध झालाय तुमचा!" काका म्हणाले. तू हसलीस. मीही हसलो.

पण खात्री केल्याशिवाय मला चैन पडत नाही. तू अंघोळीला गेल्यावर मी त्याच्यामागे सात पावलांवर दोन झाकणं एकमेकांवर आपटली. तीनदा. काही नाही. मग जवळ गेलो, माझी सावली त्याच्यावर पडली, आणि तो केवढा दचकला! तू ओल्या केसांनी धावत आलीस, "बाबा, काय करता हो?" झाकण पडलं, म्हणालो. खोटं बोललो.

जन्मल्यावर त्याचे कान तपासले होते, ठीक होते, मला माहीत आहे. पण फेब्रुवारीतल्या त्या पाच दिवसांच्या तापानंतर कुणी पाहिलंय? मी बोललो की ते खरं होईल, या भीतीने नऊ दिवस गप्प बसलो. तीनदा फोन उचलून ठेवला. हे पत्र मिळेल त्याच दिवशी त्याला कानाच्या डॉक्टरकडे ने. शनिवारी दुकान बंद ठेवून मी येतोय. माझं चुकलं असेल तर हिगुचीकाकांसमोर मला पोटभर हास. नसेल चुकलं, तर यापुढे त्याला उचलण्याआधी मी समोर जाऊन उभा राहीन. पाठीमागून कधीच जाणार नाही.

तुझाच,
बाबा