येलदरीवरची कोरडी गाठ

मी, सिद्धोधन सिताराम वाव्हळे, वय ६८, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याकडून मासे धरायच्या गळाची एक गाठ मारून घ्यावी आणि मग बोलावे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सत्यशीला हिला. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा विषय काढू नये.

२. मासे धरायच्या दोन काठ्या, तंगूस (नायलॉन) दोऱ्याची रिळे आणि आमिष म्हणून गळाला लावायच्या, कोंबडीच्या पिसांपासून केलेल्या खोट्या माश्यांचा डबा मुलगी साक्षी हिला. जावयांनी तो शोकेसमध्ये मांडू नये. साक्षीने लक्षात ठेवावे: गळाच्या गाठीला वेढे पाच, आणि आवळण्याआधी गाठीला थुंकी लावायचीच. कोरडी आवळली की दोरा घासून भाजतो आणि ऐन ओढीला गाठीतच तुटतो. हे मी पंचक्रोशीत कितीजणांना शिकवले, त्याची गणती नाही.

३. माझे साडू नागनाथ दगडू खंदारे यांच्याबाबत. २०१६ साली येलदरी धरणावर ते भाकर खायला बसले असताना मी त्यांच्या गळाची गाठ कापून नव्याने मारली. दुसऱ्याच्या गाठीवर माझा भरवसा नसतो, ही माझी खोड. तोंडात तंबाखूचा बार होता (सत्यशीलाच्या समजुतीप्रमाणे मी तंबाखू २०१२ लाच सोडली होती), थुंकी लावता येईना, म्हणून गाठ कोरडीच आवळली. तासाभरात त्यांना हातभर मरळ लागली आणि काठाशी आल्यावर दोरा तुटला. मी चारचौघांत म्हणालो, "साडूभाऊ, तुमाला साधी गाठ मारता येत न्हाई." त्यांनी काठी खाली ठेवली आणि चालत फाट्यावर गेले. तेव्हापासून त्यांनी माझा उंबरा ओलांडलेला नाही. दोघी बहिणी लग्नकार्यातच काय त्या भेटतात.

चूक माझी होती. मला त्याच क्षणी कळले होते. पण गाठीवाले गुरुजी म्हणून नाव होते, तोंड उघडले नाही. याची मला लाज वाटते.

४. नागनाथ यांना मी या कागदाने काहीही देत नाही. वकिलांचे म्हणणे, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. आणि साक्षीदाराला सही माझ्या डोळ्यांदेखत, मी जिवंत असताना करावी लागते. मला साक्षीदार तेच हवेत. ते येईपर्यंत हा कागद अपुरा राहील.

ठिकाण: बोरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
(सही) सि. सि. वाव्हळे

साक्षीदार:
१. बालाजी विठ्ठल चोपडे, निवृत्त पोस्टमन, बोरी (सही)
२. नागनाथ दगडू खंदारे, झरी (सही, दि. १६ नोव्हेंबर २०२५)

साक्षीदार क्र. २ यांनी कागद दोनदा वाचला. त्यांच्या आग्रहावरून त्यांचे म्हणणे मी शब्दशः नोंदवतो: "भाकर खाऊन आलो तवाच दिसलं, गाठ माझी न्हाई. मी दोऱ्याचं टोक लांब ठेवतो, हिचं तासून कापलेलं. काय बोललो न्हाई. म्हनलं, साडूभाऊची गाठ हाय, तुटायची न्हाई. आन् टाकली पाण्यात."