चढी पट्टी, उतरी पट्टी

कंपू, लष्कर-ग्वाल्हेर
२० जून १९४८

ती. सौ. शांताताईस,
उमाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. आई मजेत आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. ग्वाल्हेर आणि इंदूर आता एकाच राज्यात आले, तेव्हा मला परराज्यात दिलं हे तुझं जुनं रडगाणं बंद कर, असा आईचा खास निरोप आहे.

परवा संध्याकाळी फूलबागेत आमच्या दरबारी बँडचं वादन झालं. राज्य विलीन झाल्यावरचं पहिलंच. वाजवायचं कोणासाठी, सलामी कोणाला, काहीच धड ठाऊक नव्हतं. बँडमास्तर दौलतसिंह म्हणाले, भई, सामने लोग बैठे हैं, उन्हीं के लिए बजाओ. उन्हं उतरली होती आणि सगळं पितळ तांबूस झालं होतं. आमचा आवाज कसा उंच आणि लखलखीत, ते तुला सांगायला नकोच. शेवटचा सूर सोडला की तो किल्ल्याच्या कड्याला लागून परत येतो, थोडा मऊ होऊन, जशी कोणी झोपेत ओ द्यावी. त्या दिवशी तो परत आला तेव्हा बागेतलं एकही माणूस उठलं नाही.

आता खरी बातमी. आमचा बँड आणि इंदूरचा बँड मिळून एकच होणार आणि तो इथेच राहणार. म्हणजे दाजी इथे येणार! आईने कैरीच्या लोणच्याची एक बरणी त्यांच्या नावाने आत्ताच वेगळी काढून ठेवली आहे. माझा हात तिला लागू देत नाही.

शालूला पापा. तुझी माया आहेच, ती अंतराने पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
उमाजी

---

इंदूर
४ ऑगस्ट १९४८

चि. उमाजीस,
शांताताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे ह्यांचं सामान बांधणं चालू आहे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तेव्हा मला आणि शालूला येता यायचं नाही. जावयाने सासरी किती राहावं याचं काही शास्त्र असतं म्हणतात, ते आता सरकारनेच मोडलं. ह्यांना फार संकोच वाटतो. जेवताना दोनदा आग्रह करायला आईला सांग, एकदा विचारलं की हे नाहीच म्हणतात.

आणि हे म्हणतात, तुम्ही ग्वाल्हेरचे लोक कॉर्नेटसारखा नाजूक कर्णा वाजवत नाही, हत्तीला हाक मारता. रागावू नकोस. वाजवणाऱ्याचा अभिमान दोन्ही घरांत सारखाच आहे, मी दोन्हीकडचं मीठ खाल्लं आहे.

पण एक गोष्ट मनात टोचते. इंदुरात मुख्य धून धरणारा पहिला कॉर्नेट हे वाजवतात, तिकडे तू. एका बँडात पहिल्या कॉर्नेटची जागा एकच असते ना? तेव्हा आत्ताच सांगून ठेवते. माझ्याकडे बघून काही करायचं नाही. बहिणीचा नवरा म्हणून मुद्दाम पडतं घेतलंस तर ते मला चालणार नाही, आणि ह्यांना कळलं तर हे जन्मभर तुझ्या घरचं पाणी पिणार नाहीत. ज्याला मिळायची त्याला मिळू दे. मी कोणाकडून नाही.

ह्यांची तब्येत सांभाळ. थंडी ह्यांना सोसत नाही, आणि तुमच्याकडची तर हाडांत शिरते.

दोघांवर सारखाच जीव असलेली,
शांताताई

---

लष्कर
१२ डिसेंबर १९४८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण राग निवळेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. निवळला नाही, तरी लिहितो.

पहिल्या दिवशी तालमीला एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला इंदूरचे. मास्तरांनी सगळ्यांना सा धरायला सांगितला. ताई, दोन्ही सा जवळजवळ एकच होते, पण जवळजवळच. मधल्या फटीत आवाज हेलकावे खायला लागला, वंव वंव वंव, तळ्यातल्या होडीत डोकं ठेवून निजावं तसा. पाठीमागचे दोघे तर डोळे मिटून डुलायलाच लागले. मास्तरांनी हात खाली केला तेव्हा कळलं की आमची वाद्यं जुनी, चढ्या पट्टीची, आणि इंदूरची नंतर आलेली, उतऱ्या पट्टीची. राज्यं एक झाली, सूर दोनच राहिले.

मास्तर म्हणाले, चढ्याला उतरता येतं, नळी बाहेर ओढली की झालं. उतऱ्याला चढवायचं तर नळी कापावी लागते. मग कोणी उतरायचं? आम्ही. आमचा तो लखलखता आवाज त्या दिवशी बोटभर नळीत संपला. आमच्या सदाशिवरावांच्या क्लॅरिनेटला तर ओढायला नळीच नाही. त्यांनी ती पुसली, फडक्यात गुंडाळली आणि घरी निघून गेले. आता नवी येईपर्यंत बसून राहतील, नाहीतर पेन्शन घेतील.

रात्रीच्या जेवणाला मी दाजींना म्हटलं, उतरायचं आम्हीच का? ते म्हणाले, नळी ओढल्याने माणूस लहान होत नाही. मला ते झोंबलं. मी काय बोललो ते लिहीत नाही. तेव्हापासून त्यांना मीठ हवं असलं की ते आईला सांगतात, आई मला सांगते, आणि बरणी आमच्या दोघांच्या मधोमध असते.

पहिली जागा अजून मास्तरांनी कोणालाच दिलेली नाही. आज ते, उद्या मी, असं चाललं आहे. दोघेही जीव तोडून रियाज करतो. ते पहाटे धुक्यात फूलबागेकडे जातात, मी गोरखीच्या जुन्या वाड्याकडे. वारा असला की धुक्यातून त्यांचा सूर इकडे येतो. चांगला वाजवतात. हे त्यांना लिहू नकोस.

तुझा हट्टी,
उमाजी

---

इंदूर
१५ मार्च १९५०

चि. उमाजीस,
अनेक आशीर्वाद.

रंगपंचमीला हे घरी येऊन गेले. शालूला खांद्यावर घेऊन गेर, ती रंगाची मिरवणूक, दाखवली, सासूबाईंचे पाय चेपले, माळ्यावरची कौलं शाकारली. सगळं केलं. पण कॉर्नेटची पेटी आल्या दिवशी जिथे ठेवली, तिथूनच जाताना उचलली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी घडलेलं नाही. तापात असले तरी हे दोन सूर फुंकून बघतात. शालूने वाजवा म्हटलं तर म्हणाले, बाबा थकलेत. विचारलं तर म्हणाले, ग्वाल्हेरची हवा छान आहे. ह्यांच्या पत्रांत गेले दोन महिने फक्त हवाच असते. आज धुकं, आज ऊन. तुझ्या पत्रांतही दाजी बरे आहेत एवढंच. सव्वीस जानेवारीला पहिला कॉर्नेट कोणी वाजवला, हे तुम्ही दोघांनीही लिहिलं नाही.

मला वाटत होतं, जागा तुला मिळाली म्हणून हे खट्टू असतील. पण खट्टू माणूस जास्त जोरात वाजवतो. हे तसं नाही. निजले होते तेव्हा मी दिवा जवळ नेऊन पाहिलं. वरच्या ओठावर पांढरी रेघ आहे.

उमाजी, मी लहान नाही. सांग.

तुझी,
शांताताई

---

लष्कर
२२ मार्च १९५०

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. तू स्वतःच पाहिलंस, आता शपथ सुटली असं मी धरतो.

सव्वीस जानेवारीला पहिला कॉर्नेट कोणी वाजवायचा, ते मास्तर त्याआधी दोघांना ऐकून ठरवणार होते. जानेवारीत इथे गोठवणारी थंडी पडली. दाजींचा ओठ फुटला. त्यांनी तूप लावलं आणि वाजवत राहिले. परत फुटला, परत वाजवला. कॉर्नेटच्या तोंडाला रक्त दिसलं तेव्हा मी आईमार्फत नाही, स्वतः म्हटलं, दाजी, चार दिवस थांबा. आमच्यातला तो कितीतरी दिवसांनंतरचा पहिला शब्द. ते म्हणाले, तू थांबला असतास का?

जखम भरली, पण आत गाठ राहिली. डॉक्टर म्हणाले, जेवण, बोलणं सगळं ठीक, फुंकणं विसरा. सव्वीस तारखेला पहिला कॉर्नेट मी वाजवला. लोक म्हणाले, सुंदर झालं. मला काही आठवत नाही, कापसात वाजवल्यासारखं वाटत होतं.

पण पुढचं ऐक. आमचा बडा ड्रमवाला नोकरी सोडून गावी गेला. मास्तरांनी दाजींच्या हातात ड्रमची काठी दिली आणि म्हणाले, मल्हारराव, जब तक कोई न मिले. आधीचा माणूस तास वाजवल्यासारखा ड्रम वाजवायचा. दाजींना धून आतून ठाऊक. सुराने कुठे श्वास घेतला, कुठे तो दमणार, हे त्यांच्या हाताला आधी कळतं. तिथे ते काठी हलकेच टेकवतात. ताई, आमचा आवाज बदलला. आधी आम्ही आकाशात वाजवायचो, आता पायाखाली जमीन आली. धुक्यात मैदानाच्या पलीकडून ऐकलं तर आधी काहीच नाही, मग छातीत काहीतरी हलतं, आणि मग त्याच्यावर तरंगत पितळ येतं. सदाशिवराव हल्ली नुसते ऐकायला येतात. ते म्हणाले, आता कुठे हा एक बँड झाला.

दाजी रडले नाहीत. ड्रम वाजवून आल्यावर आईकडे तिसरी भाकरी मागितली. यावरून तू काय ते समज.

मीठ आता आम्ही एकमेकांना देतो. रागावलीस तर मला चार शब्द जास्त लिही, त्यांना नको.

तुझा,
उमाजी

---

लष्कर
२५ ऑक्टोबर १९५६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

एक तारखेपासून पुन्हा नवं राज्य, राजधानी भोपाळ. बँडही तिकडे जाणार, रीवा, जबलपूर, भोपाळ सगळीकडचे वाजवणारे एकत्र करून. दौलतसिंहांच्या मागे बँड माझ्याकडे आला, तेव्हा माणसं निवडीपुढे उभी करण्याचं कामही माझ्याकडेच आलं. तेच तुला सांगायचं आहे.

दाजी भरती झाले कॉर्नेटवर, आणि कागदोपत्री अजून तेच. सहा वर्षं ड्रम वाजवला तो मास्तरांच्या आणि माझ्या तोंडी हुकमाने. भोपाळहून आलेले साहेब प्रत्येकाला त्याच्या नेमल्या वाद्यावर ऐकणार होते. पोरं म्हणाली, मास्टरजी, जीजाजींना मागच्या रांगेत कॉर्नेट देऊन उभं करा, नुसता ओठाला लावतील, इतक्या आवाजात कोणाला कळतंय? खोटं नाही बोलत, मी दोन दिवस तोच विचार केला. दाजींना विचारलं तर ते म्हणाले, शेवटच्या दिवशी मुका उभा राहू का रे?

म्हणून मी साहेबांना खरं ते सांगितलं. हा माणूस फुंकू शकत नाही. पण हा बँड याच्या हातावर उभा आहे. एकदा याच्यासकट ऐका, एकदा याच्यावाचून. फूलबागेतच वाजवलं. पहिल्यांदा दाजी ड्रमवर होते. दुसऱ्यांदा ते बाकावर जाऊन बसले, हात मांडीखाली दाबून. आमचा एकही सूर चुकला नाही, ताई, पण सगळा बँड वाट चुकल्यासारखा वाजला. साहेब जाणते होते. म्हणाले, दूसरी बार में कुछ था ही नहीं. मला वाटलं, जमलं. मग ते म्हणाले, ड्रमवाले जबलपूरहून दोन येताहेत, जागा नाही. उठून दाजींचा हात हातात घेतला, आणि त्यांना सेवेतून मोकळं केलं.

मी म्हटलं, मीही जात नाही भोपाळला. दाजी इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. म्हणाले, माझ्यासाठी मागे राहशील तर शांताला तोंड दाखवू नकोस.

ते दिवाळीला तुझ्याकडे कायमचे येत आहेत. मी तुला पूर्ण माणूस परत पाठवू शकलो नाही. जसा आहे तसा घे.

तुझा,
उमाजी

---

इंदूर
१२ जानेवारी १९५७

चि. उमाजीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पूर्ण माणूस म्हणे! अरे, मला आठ वर्षं वर्षातले पंधरा दिवस मिळत होता, आता रोजचा मिळाला. सासूबाई असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. शालू अजून लाजते, पाव्हण्याला द्यावा तसा चहा देते आणि पळते. मलाही दारात पुरुषाच्या चपला बघून दचकायला होतं. भाजीत मीठ कमी असेल तर हे सांगत नाहीत, अजून सासुरवाडीला असल्यासारखे.

दिवसभर काही ना काही करत असतात. पण कुठे लग्नाचा बँड वाजला की खिडकी लावून घेतात.

एक विचित्र गोष्ट मात्र लिहायची आहे. दुपारी जेवून हे निजतात. उन्हाचा पट्टा खाटेवर येतो. मी शेजारी तांदूळ निवडत असते. ह्यांचा उजवा हात खाटेच्या पट्टीवर असतो आणि तीन बोटं हलतात. वेडीवाकडी नाहीत, कॉर्नेटच्या कळा दाबल्यासारखी. चेहरा अगदी शांत. मध्ये थांबतात, श्वास घेतात, पुन्हा तेच. उठल्यावर विचारलं, काय वाजवत होता, तर म्हणाले, मी? मी तर गाढ झोपलो होतो.

रोज तेच बोटांचं चाललं आहे, म्हणून मी काल ते क्रमाने टिपून घेतलं. सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. कुठे बोट जास्त वेळ दाबलं, तिथे रेघ ओढली आहे. मला त्यातलं काही कळत नाही. तुला ओळखता आलं तर कळव, कुठली धून हे विसरू शकत नाहीत?

नव्या गावी पाणी उकळून पी. आईला जप.

तुझी,
शांताताई

---

भोपाळ
३ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. शांताताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईला तलाव फार आवडला. ओट्यावर बसून बघत राहते आणि म्हणते, एवढं पाणी आणि भाजीला चव नाही.

इथे चार गावांचे लोक आहेत आणि चौघांची तोंडं चार दिशांना. रीव्याच्यांना त्यांच्याच कूचाची धून हवी, जबलपूरच्यांना त्यांच्या. काहीही वाजवायला घेतलं की तिघे हात बांधून बसतात. महिनाभर आमचा आवाज म्हणजे नुसतं भांड्यांचं दुकान.

तुझा कागद आला. संध्याकाळी तलावाकाठी कॉर्नेट घेऊन बसलो. ताई, नुसत्या बोटांवरून धून सापडत नाही. त्याच कळा दाबून हलकं फुंकलं तर एक सूर येतो, जोर लावला तर दुसरा. बोटं त्यांची होती, श्वास मला शोधावा लागला. चार संध्याकाळी लागल्या. शेवटी एका वाटेने सगळं जुळत गेलं, अगदी सहज, उतारावरून चालल्यासारखं. मी थांबलो. ही धून मला ओळखू आली नाही. ग्वाल्हेरची नाही, इंदूरची नाही, आम्ही कधी वाजवलेली नाही. ते काही आठवत नाहीत, ताई. ते नवं वाजवताहेत.

दुसऱ्या दिवशी तलावाकाठच्या तालमीत मी कोणाला न विचारता ती वाजवली. रीव्याचा म्हातारा क्लॅरिनेटवाला म्हणाला, मास्टर, ये किधर की है? मी म्हटलं, किधर की भी नहीं. त्याने क्लॅरिनेट ओठाला लावली आणि खालून हळूच सूर धरला. मग जबलपूरवाल्यांनी. कोणाच्याच गावची नव्हती, तेव्हा हात बांधून बसायला कोणाला कारणच उरलं नाही. पाण्यावर आवाज दूरपर्यंत गेला. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका तशाच उभ्या राहिल्या.

धून अर्ध्यावर येऊन थांबते. पुढचं माझ्याकडे नाही, आणि माझ्याने ते रचवत नाही. बँडातले सगळे रोज विचारतात, आगे क्या है?

तेव्हा दाजींना इतक्यात काही सांगू नकोस. दुपारी त्यांना निवांत झोपू दे. तू तांदूळ आणि कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बस.

वाट बघणारा,
उमाजी