गुरुपौर्णिमेला उघाडी न उघडण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
खाडीकाठ सुशोभीकरण मंडळ,
पनवेल, जि. रायगड.

विषय : 'डॉ. भामा मोकल जनुक-उद्यान', वावळखार येथील बांधाची उघाडी दि. १० जुलै २०२५ रोजीच्या उधाणात बंद ठेवणेबाबत, व अर्जदाराचा गौरव तूर्त आवरता घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. १९ जून, २८ जून व १ जुलैचे अर्ज (पोच मिळाली, दखल नाही).
२) मंडळाचे दि. ३ जुलैचे पत्र (उत्तर मिळाले, अर्थ नाही).

महोदय,

१. अर्जदार डॉ. भामा दाजी मोकल, वय ७२, राहणार खांदा कॉलनी, नवीन पनवेल, ही तीच व्यक्ती आहे जिच्या नावाचे उद्यान आपल्या मंडळाने उभारले आहे. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे, की मागच्या तिन्ही खेपांस आपल्या आवक टेबलावरील कु. मिताली यांनी अर्जदारास "उद्यानाशी आपला संबंध काय?" असे विचारले. अर्जदाराने टेबलामागील छायाचित्रात दिसणाऱ्या उद्यानाच्या कमानीवरील नावाकडे बोट दाखविले. त्यावर कु. मिताली यांनी ओळखपत्राची छायांकित प्रत मागितली. ती चौथ्यांदा सोबत जोडली आहे.

२. उद्यानाच्या दारातील फलकावर अर्जदाराचे चरित्र कोरलेले आहे. त्यात अर्जदाराने सूक्ष्मदर्शकातून भाताचे जनुक पाहिले असे म्हटले आहे. जनुक सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. ते तसे दिसले असते तर अर्जदाराची एकोणीस वर्षे वाचली असती. सदर जनुकास 'भीमा' हे नाव नदीवरून दिल्याचेही फलक सांगतो. ते अर्जदाराच्या आत्या श्रीमती भीमाबाई यांच्यावरून दिलेले असून, फलकाच्या अनावरणास भीमाबाई स्वतः दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मधोमध उभे केलेले डीएनएचे शिल्प उलट्या दिशेने वळले आहे. या चुकांनी कोणी मरत नाही, म्हणून अर्जदाराने त्या गिळल्या. यापुढील चूक गिळण्यासारखी नाही.

३. अर्जदाराचे वडील दाजी मोकल मिठागरावर टोपल्या वाहत, आणि आत्या बांधाआडच्या खारजमिनीत तांबडे भात पेरी. मीठ पायाला लागले तरी हे भात कसे तगते, हा प्रश्न अर्जदाराने वयाच्या नवव्या वर्षी आत्याला विचारला व एकेचाळिसाव्या वर्षी प्रयोगशाळेत सोडविला. मुळातून वर चढणारे मीठ वाटेतच अडवून पानापर्यंत पोचू न देणारे जनुक या भातात आहे. भारतात असे काम तेव्हा कोणी केलेले नव्हते. अर्जदारास त्याबद्दल पुष्कळ शाली मिळाल्या.

४. येथे अर्जदार स्वतःचा मूर्खपणाही नोंदवू इच्छिते, नाहीतर सगळा दोष मंडळाचाच आहे असा आपला गैरसमज व्हायचा. जनुकाचा क्रम कागदावर उतरला म्हणजे भात सुरक्षित झाले, असे अर्जदार मानीत असे. मूळ बियाणे अर्जदार जेथे नोकरीस होती त्या संशोधन संस्थेच्या शीतकक्षात होते. अर्जदार निवृत्त झाल्यावर संस्थेने त्या खोलीत खुर्च्या ठेवल्या. साध्या घरात हे बी एका वर्षापुरतेच जिवंत राहते, त्यामुळे ते दरवर्षी पेरावेच लागते. आज जगात हे भात एकाच ठिकाणी उरले आहे, आणि ते म्हणजे आपल्या उद्यानातील 'जिवंत प्रदर्शन' अशी पाटी लावलेले चार गुंठे. ते दरवर्षी न चुकता पेरणाऱ्या भीमाबाईंना मंडळाने 'माळी (मानद)' असे ओळखपत्र दिले आहे.

५. आता उघाडीविषयी. उघाडी म्हणजे खाडीचे पाणी अडविणाऱ्या बांधातील लाकडी दार. आपल्या नकाशात तिची नोंद 'शोभेचे द्वार' अशी आहे. पेरणीनंतर ते दार बंद राहिले पाहिजे, कारण हे भात खारे असले तरी जन्मतः खारे नसते. मोड आलेले बी चिखलात फेकले की एकवीस दिवस त्याला पावसाचे गोडे पाणीच लागते. तोवर ते जनुक जागे होत नाही. अर्जदाराच्या कामाचा दुसरा अर्धा भाग हाच आहे. अर्जदारास त्यासाठी अकरा वर्षे लागली. भीमाबाईंनी तोच निष्कर्ष एका वाक्यात सांगितला होता, "बाय, तान्या पोराला कोनी मिठाचा घास देतं काय? आदी गोडा पानी, मंग खारा."

६. दि. १९ जूनच्या अर्जात अर्जदाराने पेरणीची तारीख कळवून उघाडी बंद ठेवण्याची विनंती केली होती. दि. २७ जून रोजी उद्घाटन होते. शिल्पासमोरील तळे छायाचित्रात भरलेले दिसावे म्हणून आपले कनिष्ठ अभियंता श्री. हितेश यांनी दुपारच्या उधाणात उघाडी उघडली. तळे भरले. छायाचित्रे उत्तम आली. नऊ दिवसांचे रोप मात्र छातीभर खाऱ्या पाण्याखाली गेले आणि तिसऱ्या दिवशी कुजले. श्री. हितेश यांनी भीमाबाईंना समजावले, की हे भात खारेच आहे, त्याला काही होत नाही, मॅडमच्या पुस्तकात तसे लिहिले आहे. भीमाबाई त्यांना एवढेच म्हणाल्या, "तुजा बापूस मिठागरावर होता. तुला तरी म्हाईत पायजे होता."

७. आपले दि. ३ जुलैचे पत्र यावर कळस आहे. 'अर्जदाराच्याच शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदानुसार सदर वाण खारे पाणी सहन करते, सबब तक्रारीत तथ्य नाही,' असे त्यात म्हटले आहे. अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणते, की त्या निबंधास दुसरा परिच्छेदही आहे. तो त्याच पानावर आहे. पान उलटावे लागत नाही.

८. हे भात तेथेच संपले असते. संपले नाही याचे श्रेय ना अर्जदारास आहे, ना मंडळास. वावळखारची जुनी रीत अशी, की पेरणीच्या वेळी प्रत्येक घर एक पायली बी मडक्यात घालून, तोंड शेणाने लिंपून बाजूला ठेवते. बांधाला खांड पडून शेत बुडाले तर दुसऱ्यांदा पेरायला म्हणून त्याला 'खांडीचं बी' म्हणतात. घरात दाणा नसला तरी त्याला हात लावायचा नाही. आता गावात शेत उरले नाही आणि घरेही विकली गेली, तरी भीमाबाईंच्या खोलीत ते मडके होते. बाकी सगळ्यांनी ही रीत सोडली, अर्जदारानेही. अर्जदाराने तर एकदा ती अंधश्रद्धा असल्याचे भाषणात सांगितले होते. त्याची लाज अर्जदारास आज वाटते.

९. आठ दिवसांच्या पावसाने शेतातले मीठ धुऊन निघाल्यावर काल, दि. ६ रोजी, ती पायली पेरली. भीमाबाईंचे वय ९२. त्या बांधावर बसून सांगत होत्या आणि अर्जदार गुडघाभर चिखलात बी फेकीत होती. मूठ कशी सोडायची हे अर्जदारास येत नव्हते. ते तिला शिकविले गेले. आता मडके रिकामे आहे.

१०. आणि आज सकाळी निमंत्रण आले. गुरुपौर्णिमेनिमित्त दि. १० जुलै रोजी माननीय पाहुण्यांच्या हस्ते अर्जदाराचे गुरुपूजन असून, 'भरल्या तळ्याकाठी' असे शब्द त्यात छापले आहेत. पौर्णिमेचे उधाण दुपारी साडेबाराला आहे. कार्यक्रम साडेअकराला आहे. रोप त्या दिवशी चार दिवसांचे असेल. उघाडीला मंडळाचे कुलूप आहे व किल्ली श्री. हितेश यांच्याकडे आहे. अर्जदारास भीती वाटते. असे ती आयुष्यात प्रथमच कोणा कार्यालयास लेखी कळवीत आहे.

११. सबब विनंती, की उघाडी दि. २८ जुलैपर्यंत बंद ठेवावी व किल्ली भीमाबाईंकडे द्यावी. बदल्यात कमानीवरील नाव, फलक, शिल्प व पूजन, सर्व परत घ्यावे. अर्जदाराची हरकत नाही. तळ्यात पाणी हवेच असेल तर टँकर मागवावा, आपणांस त्याची सवय आहे.

१२. विनंती मान्य न झाल्यास, दि. १० रोजी सकाळी आठपासून भीमाबाई उघाडीच्या आतल्या बाजूस, दाराला पाठ लावून बसणार आहेत. अर्जदार त्यांच्या शेजारी बसेल. एकवीस दिवसांच्या रोपाला खारे पाणी चालते, हे अर्जदाराने सिद्ध केले आहे. ब्याण्णव व बहात्तर वर्षांच्या बायकांना ते चालते किंवा कसे, याबाबत अद्याप कोणतेही संशोधन झालेले नाही. ते मंडळास पाहुण्यांसमक्ष करावयाचे असल्यास उघाडी खुशाल उघडावी.

आपली नम्र (तशी लिहिण्याची पद्धत आहे म्हणून),

डॉ. भामा दाजी मोकल
खांदा कॉलनी, नवीन पनवेल
दि. ७ जुलै २०२५

सोबत :
१) ओळखपत्राची छायांकित प्रत (चौथी).
२) शोधनिबंधाचे पहिले पान, दुसरा परिच्छेद लाल शाईने अधोरेखित.
३) श्रीमती भीमाबाई यांचे 'माळी (मानद)' ओळखपत्र, परत.
४) बियाण्याचा नमुना : जोडलेला नाही. सगळे पेरले आहे.