कारखान्यातली घासाघीस

पुनाता, मंगळवार, ९ जानेवारी १९९६

चि. डेल्फिना हिला आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बसवाल्या रेमिहिओने आज थेट माझ्या बटाट्यांच्या ढिगावर आणून ठेवलं. मी शाळेत गेले दोनच वर्षं, आणि तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लावता लावता तीन गिऱ्हाइकं निघून गेली, तीही भर बाजाराच्या दिवशी. जाऊ देत. माझी नात बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवरची मुकादमीण होणार, मग बटाट्यांचं काय घेऊन बसायचं. शेजारच्या कांदेवाल्या बेनितालाही दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा घडी उघडली तर म्हणाली, पुरे गं सातुर्निना, आता मला पाठ झालं.

पण पुढचं वाचून मी कपाळाला हात लावला. मालकीणबाई म्हणाल्या पगार सहाशेचा साडेसहाशे करते, आणि तू काय म्हणालीस, तर तुम्हाला योग्य वाटेल तसं. अगं, तू माझ्या पालाखाली रांगलीस ना? पहिला भाव कोणी घेतं का? मी पहिला भाव सांगते तो कोणी घ्यावा म्हणून नाहीच. असो, सोमवारी पक्कं करू म्हणाल्यात ना, मग सौदा अजून मोडलेला नाही.

शाळा फेब्रुवारीत सुरू होते. तुझ्या लेकीला, इरमाला, तुझ्याकडे न्यायचं तर तुझ्या त्या चार बायकांत मिळून घेतलेल्या खोलीत जमायचं नाही, आणि वेगळी खोली नऊशे पगाराशिवाय परवडत नाही, हे तूच लिहिलंस. मग हजार माग. आकडा सांग आणि गप्प बस. मी नाही का, भाव सांगितला की मान खाली घालून बटाटे रचत बसते? जो आधी बोलतो तो खाली येतो. आणि जा भल्या सकाळी. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक कोणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही.

इरमाचं नाक वाहतंय, तोंड त्याहून जास्त. तुझी आठवण काढते, हे सांगायला नकोच.

तुझी, अजून भाव न उतरवलेली,
आजी

सांता क्रूझ, १६ जानेवारी

ती. आजीस डेल्फिनाचा शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून काल फाटक उघडायच्या आत जाऊन उभी राहिले. पण मालकीणबाई दोन्या ओर्तेन्सिया पडल्या इकडच्या, त्यांना पहिल्या गिऱ्हाइकाचं काय कौतुक? माझी कॉफी व्हायची आहे, दुपारी ये म्हणाल्या.

दुपारी गेले. चार वर्षांत माझ्या हाताखालून करपलेला एकही घाणा बाहेर गेला नाही, हे सांगितलं. मग हजार म्हटलं आणि गप्प बसले. टेबलावर नमुन्याची बिस्किटं होती, तीच एकावर एक रचत राहिले. आठवं ठेवलं तेव्हा बाई आठशे म्हणाल्या. मी नववं ठेवलं. दहाव्याला हात घातला तशा म्हणाल्या, "नऊशे. आणि माझी बिस्किटं सोड आता."

आजी, एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती, तू झोपली नसतीस म्हणून. या जागेला रात्रपाळी असते. नऊशे मिळूनही पोरीला रात्री एकटी कशी ठेवणार? तेच मनात घोळत होतं, आणि भाव ठरल्यावर बाजारातल्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "आणि यापा, कासेरा?" मालकीणबाईंना कासेरा, जशी तू बांधल्या गिऱ्हाइकाला हाक मारतेस तशी. माझे कान असे तापले.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, सौदा झाल्यावर वर मूठभर मागणाऱ्या बायका तुमच्या कोचाबांबाच्या बाजारात पुष्कळ पाहिल्या, माझ्या ऑफिसात तू पहिलीच. मग म्हणाल्या, "बोल, वर काय टाकू?"

मी म्हटलं, "सकाळची पाळी. मला माझी मुलगी आणायची आहे."

आणि पुन्हा बिस्किटांकडे हात नेला.  मग त्यांनी कागद ओढला आणि नऊशेच्या खाली पाळी लिहून दिली.

खोली बघून ठेवली आहे. इरमाला सांग.

तुझी लाडकी,
डेल्फिना

पुनाता, २३ जानेवारी

चि. डेल्फिना हिला आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी इतकी हसले की बेनिता पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं मला उचकी लागली. मग आम्ही दोघी हसलो. रात्रपाळीचं लपवलंस त्याचा राग आहे, तो भेटल्यावर काढीन.

रविवारच्या गाडीने मी इरमाला घेऊन येते. आठ दिवस राहीन. जास्त नाही, पालाची जागा कोणीतरी बळकावेल. पोर सगळ्या बाजाराला सांगत सुटलीय की माझी आई भट्टीची मालकीण झाली. मी दुरुस्त करत नाही.

काल मात्र ती माझ्याजवळ येऊन बसली. मग विचारलं, आईला माझ्या दोन वेण्या घालता येतील का? मी खरं तेच सांगितलं, नाही, तुझ्या आईला कधीच जमल्या नाहीत. तेव्हापासून ती स्वतः घालायला शिकतेय. आज पहिल्यांदा पुऱ्या झाल्या. एक कानाच्या वर, एक मानेवर. माझे हात नुसते शिवशिवत होते, पण मी हात लावला नाही. रविवारी गाडीतून ती तशीच उतरेल. तूही सोडून पुन्हा घालू नकोस.

जेवत जा. बाकी समोर बसून बोलू.

तुझी,
आजी