बाभळीवरचं निळं गाठोडं

ऐन सम्रा, ता. २ नोव्हेंबर १९९३

चि. सुआदला आजीचे दोन्ही गालांवर पापे, वि. वि.

आधी आली ती छत्री. मग छत्रीखालची बाई, अनवाणी, आणि मागून तिचे बूट हातात घेऊन धापा टाकणारा तिचा भाचा फरज. शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या. बाई माझ्याएवढीच म्हातारी, काटकुळी, नाव हमदा. तुमच्या तूर शहरातच राहते म्हणे, मासळीबाजाराच्या मागे. झऱ्याचं पाणी प्यायला आले म्हणाली. मी म्हटलं, का गं, तूरचे नळ आटले? तर म्हणते, नळाच्या पाण्याला दगडाची चव कुठून येणार. मला बाई आवडलीच.

चहा पाजला. तुझी आई म्हणते मी साखर फार ओतते, हिने तर वर मागून घेतली. म्हणाली, पूर्वी इथला चहा इतका गोड नव्हता. पूर्वी म्हणजे कधी, ते विचारणार तेवढ्यात शेळीने छत्रीला तोंड लावलं आणि राहिलंच.

मग निघालो. वाट तुला ठाऊकच, चुलीवर डाळ ठेवून जावं आणि शिजायच्या आत परत यावं. घळ अरुंद होते तिथे डावा दगड निसरडा आहे हे मी फरजला सांगणार, तर माझ्याआधी हीच सांगून मोकळी. आहे की नाही नवल?

झऱ्यावर ओंजळभर प्यायली, आणि मान अवघडेस्तोवर वर बाभळीकडे बघत राहिली. एकेक फांदी तपासली. मग आपल्या निळ्या गाठोड्याकडे बोट करून हे कोणाचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, अल्लालाच ठाऊक, मी नवी नवरी आले तेव्हापासून टांगलेलं आहे. सासूबाई सांगायच्या, ज्याचं त्याचं तो येऊन नेईल, आपण फक्त लक्ष ठेवायचं. ती म्हणाली, खरंय, दुसऱ्याच्या टांगल्या वस्तूला हात लावू नये. आणि एवढंसं तोंड करून परत फिरली. जाताना चहासुद्धा नको म्हणाली!

आत काय असेल गं? सारा जन्म त्याच्याखाली पाणी भरलं मी. गेल्या पुरात बाभळीची मुळं उघडी पडलीत. यंदा लोंढा आला की झाड गाठोड्यासकट समुद्रात. तोवर मालक आला नाही, तर वर सासूबाईंना काय सांगू? तू शिकलेली, काहीतरी सुचव. फक्त खाली काढ म्हणू नकोस.

वेळेवर जेव आणि म्हातारीची आठवण ठेव.
तुझी आजी सबीहा

तूर, ता. ९ नोव्हेंबर १९९३

ती. आजीस सुआदचा स. सलाम, वि. वि.

आजी, गाठोडं निळं कधीपासून गं? मी पाचवीत असताना त्याचं कापड फाटून लोंबायला लागलं, तेव्हा तूच ना उंटाच्या पाठीवर उभं राहून माझा शाळेचा झगा त्यावरून गुंडाळलास? आतलं दिसू नये म्हणून डोळे घट्ट मिटून! मी खाली तुझे पाय धरून रडत होते. त्याआधी ते काळ्या लोकरी पिशवीत होतं. ती बाई काळी पिशवी शोधत होती, आणि निळं परक्याचं समजून निघून गेली.

मी मासळीबाजारामागे जाऊन सांगितलं. तिने झग्याची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली. आता रागावू नकोस. तुझ्याआधी आजोबांचं लग्न तिच्याशी झालं होतं. मूल होईना म्हणून तिला बापाकडे धाडली. बोलावतील परत, असं वाटून तिने सामान नेलं नाही, झऱ्यावर टांगलं. कोणी बोलावलंच नाही. आत काय आहे विचारलं तर म्हणते, तुझ्या आजीने एवढी वर्षं कळ काढली, तुला कसली घाई?

तुझा होकार असल्याशिवाय पाऊल टाकणार नाही म्हणाली. पत्र फरजकडे देते आहे.

लोभ आहेच, तो साखरेसारखा वाढत जावा.
तुझी सुआद

ऐन सम्रा, ता. १४ नोव्हेंबर १९९३

चि. सुआदला आजीचे उदंड आशीर्वाद, वि. वि.

म्हणजे मी सवतीला चहा पाजला! आणि ती साखरेला नावं न ठेवता आणखी मागते! तुझे आजोबा असते तर झऱ्यात उडी मारून लपले असते, घोटाभर पाण्यात.

पहिली एक होती, एवढंच मला माहीत. घरात नाव निघत नसे. पण सासूबाई पाणी भरताना रोज वर बघायच्या. मला वाटायचं, ढग बघतात.

खरं सांगू, पत्र वाचून आधी ते चुलीत टाकणार होते. मग मनात आलं, तिला बोलावणं गेलं असतं तर मी इथे नसते, तूही नसतीस. तेव्हा ते बोलावणं आता मी धाडते. तिला सांग, होकार कसला मागतेस बाई, मी तुझी राखणदार.

काल डोंगरावर ढग दाटले. मी शेळ्यांचे सगळे दोर जोडून बाभूळ खडकाला बांधून आले. झाडाला बांधलं हं, गाठोड्याला बोट लावलं नाही. शेळ्या मोकाट सुटल्यात, एकीने तुझी उशी खाल्ली.

फरज बाहेर तिसरा पेला पितोय, हे पत्र तोच नेईल. त्याच्या मावशीने आधीच सांगून धाडलंय म्हणे, की आजीने हो म्हटलं तर येत्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर.

जपून राहा, मला विसरू नकोस.
तुझी आजी सबीहा

ता. क. साखर संपलीय, फरजला आणायला सांगितली आहे. शुक्रवारी, बरं का.