लेइकीने तळ्यात उतरण्यापूर्वी केलेली वाटणी

मी, लेइकी, केदिवोर यांची धाकटी मुलगी, राहणार ब्लाइनवेन, तळ्याच्या वरच्या अंगाचं घर, कायद्याने सज्ञान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही, आणि सकाळपासून ताकाशिवाय माझ्या पोटात काही गेलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे असं लिहिल्याशिवाय पुढचं काही ग्राह्य धरत नाहीत, असं न्यायशास्त्री तिडिरकाका समोर बसून सांगत आहेत, म्हणून तसं लिहिते. खरं तर परवा तळ्याकाठी जे झालं तेव्हापासून मी दोनदा चुलीवर रिकामं भांडं चढवलं आहे, आणि गोठ्यात कशाला आले ते विसरून तशीच परत फिरले आहे. पण काय कोणाला द्यायचं ते मला नीट कळतं.

मी आजारी नाही. पण तळ्यात उतरणारं माणूस आमच्याकडे कायद्याने मेलेलं धरतात. म्हणून उतरायच्या आधी वाटणी करून जायची असते.

परवाची हकीकत इथे लिहिणं भाग आहे. आमच्या घराण्याची मूळ बाई तळ्यातून आली आणि तिच्यामागोमाग पांढऱ्या गाई आल्या. आज खोऱ्यातल्या घरोघरी त्यांचीच पैदास आहे. तेव्हाच बोली झाली होती की सातव्या पिढीतली एक मुलगी परत यायची. ती आली तर गाई राहतील. नाही आली, तर हिवाळ्याच्या पहिल्या सकाळी सगळ्या गाई आपल्या पायांनी पाण्यात जातील. सातवी पिढी म्हणजे माझी थोरली बहीण हुनिथताई आणि मी.

ती मुलगी ताईच, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. पाण्यातल्या लोकांना लोखंड सोसत नाही असं म्हणतात, म्हणून ताईला जन्मापासून लोखंडाला हात लावू दिला नाही. तिचा चमचा लाकडी, सुरी हाडाची. ती हार्प वाजवायला शिकली. माझ्या वाट्याला चूल, धारा, आंधळे झालेले बाबा आणि येत्या वसंतातलं लग्न. मी कुरकुर केली नाही, किंवा केली ती गाईंच्या कानात.

परवा ताई पांढरी शाल पांघरून काठावर उभी होती. सारं खोरं जमलं होतं, आणि जमलेल्यांना खायला नको का, म्हणून मी मागच्या बाजूला तीन दगड मांडून ओटच्या भाकऱ्या भाजत होते. कळपातली सगळ्यात म्हातारी गाय निघाली. ती ताईच्या समोरून गेली, थांबली नाही. लोकांना बाजूला सारत आली, मारेद आत्याचं लोण्याचं भांडं तिने लाथेने पाडलं, आणि काजळीने भरलेल्या माझ्या पोटाला कपाळ लावून उभी राहिली. वारा नव्हता, तरी तळ्याचं पाणी चढत माझ्या पायापर्यंत आलं. मग तळ्यातून माझं नाव आलं. ते सगळ्यांनी ऐकलं, लहान पोरांनीसुद्धा.

पहिली बोलली ती आत्या. म्हणाली, "अगं बाई, हिच्या हातात तर तवा आहे."

मी तवा खाली ठेवला. भाकरी करपली होती. ताई शाल सावरत माझ्याकडे पाहत होती, आणि तो चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं होतं तिला राग येईल. राग नव्हता. आपण इतकी वर्षं कोणाची तरी जागा अडवून बसलो होतो, असं कळल्यावर माणूस जसं ओशाळतं, तशी ती ओशाळली होती.

आता वाटणी.

पहिलं, घर आणि विस्तव. आमच्याकडे दिवस मावळला की निखारे राखेखाली झाकतात, आणि सकाळी जो राख सारून विस्तव उघडतो त्याचं घर. आई गेल्यापासून आमचा विस्तव मी उघडते. उद्यापासून हा हक्क हुनिथताईचा. त्याबरोबर तवा, चिमटा, विळा आणि घरातलं सगळं लोखंड तिला देते. ताई, पहिल्या रात्री राख जास्त घालू नकोस, निखारा गुदमरतो. काल तू चिमटा हातात घेऊन "हा एवढा जड असतो?" असं विचारलंस तेव्हा मी हसले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या मऊ हातांवर मी जन्मभर जळले आहे. आता त्यांना फोड येतील, त्यावर लोणी लाव. खिडकीजवळची झोपायची जागा तुझीच होती, ती तुझीच राहू दे. तिकडे माझा कधी डोळा लागला नसता.

दुसरं, मांजर. मांजर देताना तिचे कान, डोळे, दात, नखं शाबूत असल्याची हमी द्यावी असा आमचा कायदा आहे. तिला एक कान नाही, आणि उंदरांशी तिने केव्हाच तह केला आहे. हमी देत नाही. मांजर बाबांना. ती त्यांच्या पायांवर बसते आणि त्यांना वाटतं की मीच घोंगडी टाकून गेले. तसं वाटू द्यावं.

तिसरं, मारेद आत्या. आई वारली त्या वर्षी आत्याने आमचं लोणी काढायचं लाकडी पिंप "दोन दिवसांसाठी" नेलं. ते मी तिला कायमचं देते, म्हणजे आम्ही गेलो की घाईघाईने त्यावर गोणपाट टाकायला नको. झाकण मात्र आमच्याकडेच आहे. ते ताईकडे राहील.

मधमाश्यांना मी गेल्याचं ताईने पोळ्यापाशी जाऊन सांगावं, नाहीतर त्या रुसून दुसरीकडे जातात. हळू सांगावं, आणि रडत सांगू नये.

वारसांनी एक लक्षात ठेवावं. ज्याला या वाटणीतून काडी जरी मिळाली त्याने उद्या काठावर यायचं नाही. पूर्वी दुसऱ्या एका तळ्याकाठी एकीला वाटणीच्या लोभाने तिच्या सख्ख्या भावांनीच ढकललं होतं म्हणे, तेव्हापासूनचा हा नियम. ज्याला काहीच मिळत नाही तो साक्षीदार, आणि पाण्यापर्यंत सोबत फक्त साक्षीदाराने करायची. हे ऐकून आत्या तिडिरकाकांना म्हणाली, "पिंप परत दिलं तर?" काका म्हणाले, "मारेदबाई, तुम्ही पिंप परत देणार? मग तर तळंच वर येईल बघायला."

चौथं, वैर. हे कलम लांबेल.

आमच्या खोऱ्यात नांगर चार घरांचा मिळून असतो. एक माणूस नांगर धरतो आणि एक जण बैलांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून, गाणं म्हणत उलट चालतो. माझा गोरोन्वीदादा असा उलट चालायचा. त्याच्या गाण्यावर बैल चालायचे तसे कोणाच्या चालले नाहीत. त्या दिवशी नांगरावर खालच्या घरचा इथेल होता. सकाळीच दोघांची बांधावरून बाचाबाची झाली होती. दादा ढेकळाला अडखळून मागे पडला, आणि इथेलने बैल थांबवले नाहीत. थांबवले नाहीत की थांबले नाहीत, यावर खोऱ्यात आजही दोन तट आहेत.

वैर ही आमच्याकडे मालमत्ता आहे. ते एकाच्याच मालकीचं असतं, आणि ज्याचं असतं त्याच्या दाराशी मेलेल्याचा सदरा टांगलेला राहतो. बाबांचे डोळे गेल्यावर त्यांनी चुलीच्या दगडावर हात ठेवून ते मला दिलं. दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांनी मग तोड काढली की इथेलचा धाकटा भाऊ मेलिर याच्याशी मी लग्न करावं, आणि लग्नाच्या दिवशी सदरा चुलीत घालावा. मी हो म्हटलं. माझं कर्तव्यच होतं ते.

म्हणजे परवापासून माझी गत अशी झाली. गेले नाही तर गाई जातात. त्या आताच तळ्याकडे तोंड करून उभ्या आहेत, दूध देत नाहीत, आणि घरोघरी पोरं रडत आहेत. गेले तर लग्न मोडतं, सदरा टांगलेलाच राहतो, आणि वैर परत बाबांकडे जातं. त्यांच्या वतीने चुलतभाऊ कुऱ्हाडी काढायला टपलेलेच आहेत. बाबा म्हणाले, "जा असं मी म्हणणार नाही, आणि राहा असंही म्हणणार नाही. मला दिसत नाही, पोरी, पण तुझे पाय वाजतात ते ऐकू येतात. दिवसभर तू दारापर्यंत जातेस आणि परत येतेस."

म्हणून काल मी तिडिरकाकांना विचारलं, "वैर कोणालाही देता येतं?"

"येतं की. नात्यातलाच हवा असं काही नाही. त्याने पत्करलं पाहिजे, एवढंच."

"मग इथेलला देते."

काकांच्या हातातला पेला तिथेच राहिला. बाबा उठून उभे राहिले. "अगं, त्याचंच वैर त्याच्याच पदरात घालतेस?"

"हो, बाबा. दादाला मारणाऱ्याला आता त्याने शोधावं आणि सूड घ्यावा. दुसऱ्या कोणाला तो हक्क उरत नाही."

काकांनी दाढी कुरवाळली. म्हणाले, "असं करू नये असं कायद्यात कुठंही नाही. असं कोणी करेल असं कोणाच्या बापाला वाटलं नव्हतं ना."

तेव्हा, गोरोन्वी केदिवोर याच्या रक्ताचं वैर, सदऱ्यासह, मी इथेल यास देते. तो काल दुपारी आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. सदरा त्याने दोन्ही हातांनी घेतला. मग म्हणाला, "मी बैल थांबवले नाहीत. थांबवता आले असते की नाही, ते मला अजून कळलेलं नाही."

मी म्हटलं, "मग शोध. तेवढ्यासाठीच तुला दिलंय."

मी त्याला माफ केलेलं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. सदरा त्याने स्वतःच्या दाराशी टांगायचा आहे आणि येताजाता पाहायचा आहे. तो जाळायचा कधी, हे आता त्यानेच ठरवावं. माझ्या चुलतभावांनी याला हरकत घेऊ नये. घेतली तर ती चालणार नाही.

तो गेल्यावर आत्या म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला. आता लग्नाची गरजच उरली नाही, तू मोकळी झालीस." परवापेक्षा मोठा धक्का मला तेव्हा बसला. गरज उरली नाही हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. मला रडू फुटलं. मेलिर गेलं वर्षभर कुंपण दुरुस्त करायच्या निमित्ताने येत होता, आणि त्या कुंपणाला मुळात काही झालेलंच नव्हतं. तो मला "काजळे" म्हणायचा. मी त्याला म्हणायचे, "तुझ्या घरच्यांशी माझं वैर आहे, जास्त बोलू नकोस." तो म्हणायचा, "वैर आहे म्हणून तर रोज येतो. लांबून वैर नीट होत नाही." हे सगळं मी कर्तव्याच्या खात्यात टाकत आले, आणि ते कर्तव्य कधीच नव्हतं.

मग राहायचं होतं, असं कोणी म्हणेल. पण तळ्याने हाक मारली तेव्हा माझ्या पायांनी मला न विचारता एक पाऊल पुढे टाकलं होतं. गर्दीत कोणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्या आलं. घरात माझ्या नावाने हाका पुष्कळ पडतात, पण त्या भाकरीसाठी, पाण्यासाठी, गाईंसाठी. नुसतं नाव घेऊन मला तोवर कोणी बोलावलं नव्हतं. मेलिर हवा, हे खरं. ते पाऊल मीच टाकलं, हेही खरं. दोन्हींचं एकत्र काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी जाते आहे. गाई राहतील याचा आनंद आहे, पण नुसत्या गाईंसाठी जाते असं कोणी पुढे सांगू नये.

या मृत्युपत्रात मेलिरच्या नावे काही नाही. ही नजरचूक नव्हे.

तो आज सकाळी आला. तिडिरकाकांच्या खांद्यावरून त्याने सगळं वाचलं, दोनदा वाचलं. म्हणाला, "मांजरीला घर मिळालं. आत्याला पिंप मिळालं. माझ्या भावाला वैर मिळालं. आणि मला, काजळे?"

मी म्हटलं, "तुला काही नाही. काडीसुद्धा नाही."

त्याचा चेहरा उतरला. "एवढं काय घोडं मारलं मी तुझं?"

मी त्याला वरचं वारसांचं कलम बोटाने दाखवलं. त्याने ते वाचलं. मग खाली बसला, हातांनी तोंड झाकलं, आणि काही वेळाने काकांपुढे लेखणीसाठी हात केला.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिलं, वाचून पाहिलं, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. यापूर्वी मी दुसरी वाटणी केलेली नाही आणि यापुढे करता येणार नाही.

ठिकाण ब्लाइनवेन, आमच्या चुलीजवळ. हिवाळ्याच्या पहिल्या दिवसाच्या आदली दुपार.

सही: लेइकी, केदिवोर यांची मुलगी

साक्षीदार पहिला: तिडिर, न्यायशास्त्री. मला काही मिळालेलं नाही. गुडघे दुखतात, मी टेकाडापर्यंतच जाईन.

साक्षीदार दुसरा: मेलिर, खालच्या घरचा. मला काहीही मिळालेलं नाही. मी पाण्यापर्यंत जाईन.