समुद्राकाठचा बंकर

अबुधाबी,
२२ मार्च १९९८

ती. तानुताईस,
दौलतचा नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आईचा खोकला थांबला का? मी बरा आहे. सध्या कामाला सुट्टी आहे, पडून असतो.

तुला इथल्या एका बंकरबद्दल सांगायचंय. आम्ही बांधतोय त्या नव्या रस्त्याच्या आड येत होता, अगदी समुद्राकाठी. जुन्या लढाईच्या वेळचा, बुटका, सगळा काँक्रीटचा. बंदुका रोखायला भिंतींत फटी. शत्रू पाण्यातून येईल म्हणून बांधलेला. शत्रू काही आला नाही. आमच्या सुपरवायझरने, अरुणसाहेबांनी, तो पाडायला सांगितलं. पेशावरचा मुनीर काँक्रीट फोडायचं यंत्र, ब्रेकर, चालवतो. दिवसभर ब्रेकर लावला, तर नुसते टवके उडाले. मुनीर भिंतीवर हात फिरवत हसला. म्हणाला, "बनानेवाले ने दिल से बनाया है."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळूचं वादळ उठलं. समोरचा माणूस दिसेना. क्रेन डोलायला लागली तशी मुनीरने सगळ्यांना बंकरमध्ये घातलं. मी मागे राहिलो. डोळ्यांत वाळू गेलेली, दार सापडेना. तो आत सुखरूप होता गं. तरी पुन्हा बाहेर आला, मला कमरेला धरून आत ओढलं, आणि तेवढ्यात क्रेनची अख्खी दांडी वरून कोसळली.

छपराला तडासुद्धा गेला नाही. आतले सगळे वाचले.

ताई, माझा डावा पाय तेवढा दाराबाहेर राहिला होता.

मुनीरने डोक्याचं पागोटं फाडून बांधलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. मला झोप लागू नये म्हणून घरात कोण कोण आहे ते पुन्हा पुन्हा विचारत होता. तुझं नाव त्याला आता पाठ आहे. गुडघ्याखालचा पाय डॉक्टरांना वाचवता आला नाही. जखम भरत आलीय. कुबड्या घेऊन वॉर्डाच्या दारापर्यंत जातो.

बंकर शेवटी पाडलाच. अरुणसाहेब मुनीरला म्हणाले होते, तुझ्याऐवजी दुसरा माणूस लावतो. त्याने ऐकलं नाही. दुसरा कसाही तोडेल, म्हणाला. आधी भिंतीला सलाम केला, मग स्वतः ब्रेकर लावला. मला हे त्यानेच वॉर्डात येऊन सांगितलं.

पुढच्या महिन्यात मला घरी पाठवतील. मुनीर विमानतळापर्यंत सोबत येणार आहे. आईला हे पत्र वाचून दाखवू नकोस. जवळ बसून तोंडी सांग. आधी मुनीरचं सांग, पायाचं मागून.

तुझा, जिवंत असलेला भाऊ,
दौलत